पायाखालचा पुठ्ठा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी स्टँड आहे. दवाखान्यात खाटेशेजारी जो उभा असतो आणि ज्याच्या आकड्याला सलाईनची नाहीतर रक्ताची पिशवी लटकते, तोच मी. भेटायला आलेले लोक पिशवीकडे बघतात, माझ्याकडे नाही. त्याचे मला वाईट वाटत नाही. पिशवीच्या नादात ते आजारी माणसाकडेही बघत नाहीत, याचे मात्र वाटते.

माझा जन्म कोल्हापूरच्या उद्यमनगरातला. एका शेडमध्ये उसाच्या ट्रॉलीचे हूक बनत होते आणि उरलेल्या पाइपांतून आम्ही स्टँड बनत होतो. पांढरा रंग लावून, चार पायांना चार चाके बसवून मला टेंपोतून कसबा बावड्याच्या एका दवाखान्यात आणले. तेव्हा माझा काय तोरा होता! एका बोटाने ढकलले तरी मी सुळकन पळायचो. मग पाहुण्यांच्या पोरांनी माझ्यावर उभे राहून गाडी-गाडीचा खेळ केला आणि माझे एक चाक गेले ते गेलेच. तेव्हापासून मला बँडेजच्या पट्टीने खाटेच्या दांडीला बांधून ठेवतात. खाट जरा हलली की माझा लंगडा पाय फरशीवर कडकड वाजतो. त्यावरून माझे नावच कडकड्या पडले. वॉर्डच्या संयोगिता सिस्टर तर रोज म्हणायच्या, "ह्या कडकड्याला एकदा भंगारात घाला की!"

इतकी वर्षे उभे राहून मला एक गोष्ट कळली आहे. सलाईन गरीब असते. रक्ताचे तसे नाही. गट जुळलेला असतो, तपासणी झालेली असते, तरी एखाद्याच्या अंगाला ते रक्त मानवत नाही. मग ते अंग कुरकुरू लागते. थंडी भरते, ताप चढतो, खाज सुटते, कमरेत कळ येते, दम लागतो. म्हणून पिशवी लावली की पहिली पंधरा मिनिटे सिस्टर जवळ उभी राहते आणि पुढेही ताप, नाडी, रक्तदाब पुन्हा पुन्हा बघते. पिशवी संपली तरी ती बघायचे थांबत नाही, कारण काही अंगे उशिरा बोलतात. पहिला लाल थेंब नळीत उतरला की माझ्या लोखंडालाही धाक वाटतो.

त्या दुपारी माझ्या खाटेवर कुरुंदवाडची शहाजादी होती. मोठे ऑपरेशन झाले होते, अंगात रक्त उरले नव्हते. उशाला तिचा नवरा अल्लाउद्दीन, शिंपीकाम करणारा, अबोल माणूस. पायथ्याला त्यांचा शेजारी आकाराम. ऊसवाला गडी, आवाज असा की बोलला तर दुसऱ्या वॉर्डातला रोगी जागा व्हावा. पुराच्या वर्षी या दोन घरांची चूल एकाच माडीवर पेटली होती. शहाजादी त्याला दादा म्हणायची.

आता नीट ऐका. पिशवी न्यायची तर रोग्याच्या माणसांपैकी कोणीतरी रक्त द्यावे, अशी तिथल्या रक्तपेढीची रीत होती. सकाळी आकारामने ते दिले. रक्तपेढीने ते तपासायला ठेवून घेतले आणि शहाजादीच्या गटाची दुसरीच पिशवी दिली. पण आकारामला वाटले, आपलेच रक्त आले. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो पिशवीकडे बोट दाखवून सांगू लागला, "बघा पावणं, माझं रगात हाय ते! म्हशीच्या दुधावरचं हाय, चार दिवसांत पळत घरी येतीया का न्हाय बघा!"

शहाजादी हसली. तिलाही ते खरेच वाटले, आणि घात झाला तो तिथेच.

संयोगिता सिस्टरने रक्त सुरू करून तिची नाडी धरली होती. इतक्यात उसाची ट्रॉली उलटून माणसे जखमी झाली म्हणून आरडाओरडा झाला. वॉर्डात सिस्टर एकच. जाता जाता ती म्हणाली, "तोंडाकडं ध्यान द्या हिच्या. थंडी, खाज, कळ, दम, कायबी वाटलं की मला हाक मारायची. लाजायचं न्हाय." अल्लाउद्दीनने मान हलवली आणि पिशवीकडे बघत बसला.

थोड्या वेळाने शहाजादीने ओठ आवळले. तिची बोटे कमरेखाली सरकली. मी वरून बघत होतो. कळ आली होती तिला. अगं बोल, मी मनात ओरडत होतो. पण समोर दादा बसला होता, मिशीला पीळ देत. तिने डोळे मिटून घेतले.

मग थंडी भरली. आधी हनुवटी थरथरली, मग खांदे, मग सगळी खाट. आणि मी वाजू लागलो. कडकड, कडकड, कडकड! आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या मोडक्या पायाचा अभिमान वाटला.

"थंडी वाजतीया व्हय गं?" आकारामने पंखा बंद केला. गाठोड्यातून गावाकडची वाकळ काढली आणि तिला गळ्यापर्यंत पांघरली. "गप पड आता. रगात आत गेलं की ऊब येतीया." मित्रांनो, त्या जाड वाकळेखाली शहाजादीचे कापणे झाकून गेले. वरून बघणाऱ्याला वाटावे, बाई निवांत झोपली आहे. मी तेवढा वाजत होतो.

"आणि ह्यो लंगडा काय झोपू देत न्हाय बाई माणसाला," आकाराम म्हणाला. त्याने औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, घडी घातली, खाली वाकला आणि माझ्या पायाखाली सारली.

मी गप्प झालो.

त्या माणसाच्या मनात माया होती, याची मी शपथ घेतो. पण मला इतकी भीती कधी वाटली नव्हती. थेंब पडत होते. एकामागून एक, शांतपणे, माझ्याच अंगाखांद्यावरून खाली. दोघे पिशवीकडे बघत होते. "निम्मी झाली," आकाराम खुशीत म्हणाला. शहाजादीचे ओठ काळसर पडले होते.

धाडकन दार उघडले. सिस्टरच्या हाताला अजून कोणाचे तरी रक्त लागलेले होते. "भिंतीपलीकडं ऐकत होते मी. हा कडकड्या एवढा का वाजतोय म्हणून निघणार, तोवर थांबला. गप्प कुणी केला ह्याला?"

तिने वाकळ ओढून फेकली. पुढच्याच क्षणी नळीवरची चाकी फिरवून रक्त बंद केले. सुई तशीच ठेवून नळी बदलली, सलाईन सुरू केले आणि डॉक्टरांना हाक मारली. रक्ताची पिशवी फेकली नाही, तपासायला बाजूला ठेवली. "शहाजादी, कवापास्नं होतंय हे? बोलली का न्हाईस?"

दात वाजत होते तिचे. "दादाचं रगात हाय... त्येला नाव कसं ठिवू?"

"अगं, हे त्यांचं न्हाईच! त्यांचं तिकडं पेढीत हाय. आणि असतं तरी बोलायचं हुतं की!"

आकाराम खाली फरशीवर बसला. शहाजादीची लघवी लाल झाली होती. तिला अतिदक्षता विभागात नेले. खाट रिकामी झाली. तो मात्र तिथेच बसून राहिला, माझ्या पायाशी. बऱ्याच वेळाने त्याने तो पुठ्ठा ओढून काढला आणि मुठीत चुरगाळला.

ती वाचली, मित्रांनो. थोडक्यात वाचली. काही दिवसांनी पुन्हा माझ्या खाटेवर आली तेव्हा चेहरा मेणासारखा होता. नव्याने तपासून दुसरी पिशवी लावली. या वेळी आकाराम पिशवीकडे पाठ करून बसला आणि दर घटकेला विचारू लागला, "काय हुतंय का? दुखतंय? सांग की!" ती वैतागून म्हणाली, "दादा, तुमी बोलायचं थांबीवलं तर बरं वाटंल." सिस्टरने माझा पाय दुरुस्तीला पाठवते म्हटले, तर तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. वाजू द्या त्येला."

पण जग काही आकारामच्या मर्जीने चालत नाही. दवाखान्याची तपासणी होणार म्हणून परवा मला नवे चाक बसले. नवा रंगही लागला. पट्टी सोडून टाकली. सगळे म्हणाले, कडकड्या किती शहाणा झाला! मी चकाकतो, सुळकन पळतो आणि आता मला आवाज नाही.

आत्ता माझ्या खाटेवर चिमणाबाई नावाची म्हातारी आहे. आकड्याला लाल पिशवी आहे. लेक, सून, जावई, सगळे भोवती बसले आहेत आणि किती उरली म्हणून माझ्या डोक्याकडे बघत आहेत. सिस्टर शेजारच्या खाटेपाशी आहे, हाकेच्या अंतरावर. कोणीतरी नुकतीच म्हातारीला वाकळ पांघरली आहे.

मित्रांनो, वाकळ हलते आहे. मला वाजता येत नाही. तुम्ही तरी ती उचलून बघा, आणि हाक मारा.