जमिनीपासून साडेसतरा

विघ्नेशने गाडी खाली बसवली तेव्हा मनवेलपाड्यातल्या त्यांच्या बिल्डिंगीत दोन मतं झाली. काहींना वाटलं, टायर पंक्चर आहेत. बाकीच्यांना वाटलं, टायर ठीक आहेत, पोराचंच डोकं पंक्चर आहे.

त्याने लाल रंगाच्या सेकंडहँड स्पोर्टी गाडीला कॉइलओव्हर बसवले होते. म्हणजे स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर एकातच, बाहेरून आटे पाडलेले; मोठी रिंग फिरवली की गाडी हवी तेवढी वर किंवा खाली. शिवाय शॉकॲब्सॉर्बरच्या डोक्यावर एक नॉब, तो कडक-मऊ करण्यासाठी. विघ्नेशने गाडी दोन इंच खाली घेतली, नॉब कडक केला आणि वळणावर ती कशी रस्त्याला चिकटून राहते, हे भेटेल त्याला सांगत सुटला. ऐकणारे बिचारे हो हो म्हणायचे.

आई मात्र खरंच ऐकायची. मनोरमाबाई तळमजल्यावरच्या खिडकीशी मशीन मांडून ब्लाउज शिवायच्या. आठ महिन्यांपूर्वी पडून त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं होतं, आत प्लेट होती. पहिल्याच दिवशी लेकाने त्यांना गाडीतून फिरवून आणलं. उतरताना त्यांना वेळ लागला. "थांब रे, पदर अडकलाय," त्या म्हणाल्या, आणि ह्या शहाण्याला ते पटलं.

पुढच्याच महिन्यात कामणला सरलामावशीच्या नातीचं बारसं निघालं. घराण्याचा रिवाज असा, की प्रत्येक बाळाचं पहिलं झबलं-टोपडं मनोरमाबाईंनी शिवायचं आणि आपल्याच हातांनी अंगावर घालायचं. विघ्नेश त्यांच्याच हातून पहिलं टोपडं ल्यालेला, त्याची मावसबहीण सुरुचीही. आणि आता सुरुचीच्या लेकीच्या वेळी त्या म्हणाल्या, "मी नाही येत. तू नेऊन दे."

"का गं?"

"दगदग नको वाटते."

रिक्षाने कामणच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांतून जाणं शक्यच नव्हतं, पण दारात घरची गाडी उभी होती. विघ्नेशला राग आला. बाबा गेल्यापासून आई एकेक गोष्ट सोडत चालली आहे, असं त्याच्या मनाने घेतलं. मावशीचे दोन फोन आले, तिलाही हेच उत्तर मिळालं. झबलं शिवून, इस्त्री करून, पिशवीत घालून दाराशी टांगलं गेलं.

बारशाच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, शेजारच्या व्हेरोनिका आंटी आपला ब्लाउज कधी मिळणार ते विचारायला आल्या. आई आंघोळीला गेली होती. "वहीत बघ ना, बाबा, लिहिलं असेल तिने," आंटी म्हणाल्या. विघ्नेशने मापांची वही उघडली. आंटींना मंगळवार सांगितला, त्या गेल्या. वही मिटताना शेवटचं पान दिसलं.

वर गिऱ्हाईकाचं नाव लिहावं तसं लिहिलं होतं: विघ्नेशची गाडी. खाली: जमिनीपासून सीट साडेसतरा.

त्याखाली तारखा होत्या. चौरंगावर कापडाचे गठ्ठे, एकवीस, उठले. वीस, उठले. एकोणीस, खिडकी धरून उठले. अठरा, नाही. अठरा, नाही. अठरा, नाही. ही शेवटची नोंद कालची होती.

विघ्नेश चौरंगाकडे बघत राहिला. त्यावर अस्तराचे गठ्ठे नीट रचलेले होते. महिनाभर तो त्यांना पसारा समजत होता. आई लपून टेप घेऊन त्याच्या गाडीपर्यंत गेली होती, सीट मोजून आली होती, आणि तो घरी नसताना रोज त्या उंचीवरून उठायचा सराव करत होती. त्याला स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटली.

आई बाहेर यायच्या आत तो वहीतली टेप खिशात घालून गाडी घेऊन निघाला, तो थेट एरॉलच्या गॅरेजवर.

"वर घे," तो म्हणाला.

"काय झालं मॅन, घासली काय?" एरॉलने विचारलं. ते कॉइलओव्हर त्यानेच बसवले होते.

"सीट जमिनीपासून साडेएकोणीस पाहिजे. आणि नॉब एकदम मऊ."

"साडेएकोणीस? लूक जाणार सगळा."

"जाऊ दे."

एरॉलने चारही चाकं काढली, पाना लावून रिंगा वर चढवल्या, मग अलाइनमेंट केली. विघ्नेश सीटशेजारी उकिडवा बसून आईच्या टेपने तीनदा मोजत होता. तिसऱ्यांदा एरॉलने टेपचं टोक धरलं.

रविवारी सकाळी त्याने आईला हाताला धरून बाहेर आणलं. मनोरमाबाईंनी गाडीकडे पाहिलं. चाळीस वर्षं कपडे शिवणारी शिंपीण ती, तिला टेप कशाला लागते.

"दोन इंच सोडलेस," त्या म्हणाल्या. मग लेकाकडे वळल्या. "वही वाचलीस?"

"सांगायचं ना गं, आई."

"काय सांगायचं? बाबा गेल्यापासून दोन वर्षं तू शीळ घातली नव्हतीस. ते स्प्रिंग बसवून आलास त्या दिवशी फाटकापासून शीळ घालत आलास. मी मशीन थांबवून ऐकत बसले. आता म्हणू, की मला उतरता येत नाही, काढून टाक?" त्यांनी पदराने नाक पुसलं. "म्हटलं, मीच बसते थोडी खाली."

विघ्नेश पुढे झाला. त्याने दार उघडलं. मनोरमाबाई बसल्या, पाय आत घेतले. मग कोणी न सांगता पुन्हा पाय बाहेर काढून उठून उभ्या राहिल्या, आणि परत बसल्या. पदर कुठेही अडकला नाही.

"जरा जास्तच वर झाली," त्या म्हणाल्या. "आज सकाळी अठरावरून उठले मी. पुढच्या महिन्यात इंचभर खाली घे."

झबल्याची पिशवी मांडीवर ठेवून त्या निघाल्या. गाडी खड्ड्यांतून हळू डुलत गेली. कामणचा फाटा आला.

"आज शीळ नाही वाटतं?" त्यांनी विचारलं.

त्याने ओठांचा चंबू केला. नुसती हवा आली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा हवाच.

"असू दे," मनोरमाबाई म्हणाल्या आणि त्याच्या गिअरवरच्या हातावर आपला हात ठेवला. "परत येताना घाल."