झेनोबियोच्या घरची फवारणी

"शी! हे घर आहे का कोंडवाडा?" पाठीवरचा पंप सावरत झेनोबियोनं तोमासामावशीच्या भिंतीवर टॉर्च मारला. "माणसं झोपतात इथं? हे बघा ओघळ, काळे-पिवळे. विंचुकांची घाण आहे ही! रात्री तुमचं रक्त पितात, तुमच्याच उशाशी हगतात, आणि तुम्ही खुशाल घोरता!"

अंगणात म्हातारीची सगळी अब्रू मांडलेली. खाट, फाटकी कांबळी, वाळवलेले बटाटे, मेलेल्या नवऱ्याचा कोट. आमच्या खोऱ्यात फवारणी म्हटली की घर असं उलटं करून बाहेर ओतायचंच. आणि शेजारणींनी बघायला जमायचंच.

"आमच्या मातीच्या भिंती, साहेब. भेगा पडायच्याच," मावशी म्हणाली.

"मातीला कशाला बोल लावता? घाणीला येते विंचुका, घाणीला!"

"बरं बाई, घाणीला. पण तुमच्याकडं कधी फवारलं हो?"

शेजारणी शालीत तोंड खुपसून हसल्या. झेनोबियोनं नाक मुरडलं. "माझं घर सिमेंटचं आहे."

आता सिमेंट होतं, नाही असं नाही! रस्त्याकडची एक भिंत, निळा रंग मारलेली. मागं मात्र तीच माती, तोच गवती छपराचा स्वयंपाकघराचा कोपरा, आणि चुलीपाशी बायकोनं खायला पाळलेले गिनीपिग, अख्ख्या गावासारखेच. पण दर वर्षी आपल्या जोडीदाराला, रुफिनोला, तो सांगायचा, "माझं सोड रे, पुढचं घर घे." का, तर फवारायचं म्हणजे स्वतःची खाट अंगणात आणावी लागते. साहेबांची खाट, आणि ती लोकांनी बघायची? छे!

आणि ही विंचुका म्हणजे काय चीज, ऐका. ढेकणाचा थोरला भाऊच समजा, बोटाच्या पेराएवढा. दिवसभर भेगेत दडून बसणार. अंधार पडला की श्वासाच्या उबेचा माग काढत थेट माणसाच्या तोंडाशी. सोंड खुपसते तेही कळत नाही, इतकी चोरटी! पिऊन द्राक्षासारखी टम्म फुगते आणि तिथंच हगून चालती होते. रोग त्या घाणीत असतो. झोपेत आपण खाजवतो, डोळा चोळतो, आणि आपल्याच हातानं तो आत ढकलतो. मग वर्षानुवर्षं काही नाही, आणि एक दिवस हृदय जुन्या पिशवीसारखं सैल. बरं, पिल्लू असल्यापासून पंख फुटेपर्यंत प्रत्येक कात टाकायला हिला रक्त हवं. जन्मभर फुकटची खाणार आणि खाऊ घालणाऱ्याच्याच तोंडावर घाण करणार! हे सगळं झेनोबियो शाळाशाळांतून हातवारे करून सांगायचा. पोरं खिदळायची.

त्या दुपारी तो घरी आला तर त्याची लेक एल्बा दारात बसलेली. एक डोळा सुजून जांभळा, पार मिटलेला.

"मधमाशी चावली असेल," तो घाईनं म्हणाला.

"मधमाशी चावली असती तर पोर बोंबलली असती. हिला दुखतही नाहीये," त्याची बायको कासिमिरा म्हणाली. "तुमच्या त्या चित्रात असाच डोळा आहे ना हो? शाळेत दाखवता त्या?"

झेनोबियोनं पंप दारातच टाकला. आत गेला, पोरीची खाट ओढली. मागची भिंत पांढरीशुभ्र. सुरीनं चुन्याचा पोपडा उचकटला आणि आतून एक गलेलठ्ठ विंचुका बाहेर आली. मेली पळालीसुद्धा नाही. आपल्या बापाचं घर असल्यासारखी हळूहळू चालत राहिली.

"ओघळ दिसायचे मला," कासिमिरा मागून म्हणाली. "दर सणाला चुना मारत होते वरून."

"मग सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं होतं की! तुम्ही म्हणालात, फवारणीवाल्याच्या घरात विंचुका नसते, कोळ्याची घाण असेल. मग पुसली कोळ्याची घाण."

दवाखान्यात रक्तात जंतू सापडले. नर्सबाई म्हणाली, "पोर लहान आहे, लवकर आलात, गोळ्यांनी बरी होईल. पण आधी घर फवारून घ्या. मग गोळ्या."

"आजच मारतो मी पंप. आतल्या आत."

"तुम्ही नाही, दुसऱ्यानं मारायचा. सामान सगळं बाहेर काढून. गावाला तुम्हीच दटावता ना? की पोर बरी करून परत त्याच किड्यांच्या तोंडी द्यायचीय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी रुफिनो पंप घेऊन आला. आला तो खाली बघतच, जसं काही त्याचंच चुकलंय! आणि अंगणाच्या कडेला सगळ्या जणी हजर. झेनोबियोनं एकेक वस्तू बाहेर आणली. डागाळलेल्या गाद्या, टवके उडालेलं मोठं भांडं, कासिमिराचे ठिगळ लावलेले परकर, टोपलीत किंचाळणारे गिनीपिग. निळ्या भिंतीमागं एवढं दारिद्र्य असेल असं कुणाला वाटलं होतं? त्याचे कान लाल झाले होते. कुणीतरी बोलेल, आता बोलेल, म्हणून तो थांबत होता. कुणी शब्द काढला नाही. त्यानं एवढी वर्षं दारोदार जे ऐकवलं, त्यातलं निम्मं जरी कुणी परत केलं असतं तरी तो भांडला असता, सुटला असता.

शेवटी राहिली लाकडी खाट, भली जड. कासिमिरा एल्बाला कडेवर घेऊन उभी, रुफिनो आत पंप भरत होता. झेनोबियोनं एकट्यानं ओढली तर ती चौकटीत अडकली. आत जाईना, बाहेर येईना.

तोमासामावशी उठली. शाल कमरेला खोचली, चौकटीतून अंग चोरत आत शिरली आणि खाटेचं दुसरं टोक धरलं.

"आडवी कर रे आधी. अशी कधी निघते का खाट?" ती खेकसली. "सोड, तिकडून नको. मागं हो. तुला कुठली सवय! आम्ही दर वर्षी काढतो."

"हो, मावशी," झेनोबियो म्हणाला, आणि ती सांगेल तसा उलट्या पावली, पायाखाली बघत, अंगणात येत राहिला.