जवभर जागा

इंजिनातलं मला सगळं कळतं, असा माझा समज होता. रेल्वेत तीस वर्षं फिटर होतो, त्यामुळे शहापुरात इंजिनाच्या विषयावर माझ्यापुढे कोणी तोंड उघडत नसे.

शहाण्णव साली डोळखांबच्या कोंडू सुताराला मी माझं इंग्रजी पुस्तक दाखवलं. त्यात अमेरिकेतल्या एका वाफेच्या इंजिनाचा फोटो होता: पुढे चार छोटी चाकं, मध्ये बारा मोठी, मागे दोन छोटी. अख्ख्या अमेरिकेत एकाच कंपनीनं असली इंजिनं चालवली. तो फोटो बघून मी दर वेळी मनातल्या मनात हात जोडतो. म्हटलं, "हे लाकडात कर. पण वळणावर धावलं पाहिजे."

कोंडू बैलगाडीची चाकं करायचा. आता गाड्यांना टायर आले होते आणि दोन वर्षांत त्याच्याकडे चाकाचं काम आलं नव्हतं. "वळणावर पडलं तं हत्यारं माळ्यावर टाकीन," तो म्हणाला. तो बोलेल ते करणारा माणूस, त्यामुळे मी घाबरलो.

इंजिन तयार झालं आणि वळणावर पडलं. पाच वेळा पडलं. मोठ्या चाकांच्या सहा जोड्या एका सरळ चौकटीत, त्या वळणार कशा? मी शहाणपणा केला. "मधल्या दोन जोड्या वर उचल, नुसत्या दिसायला ठेव. कोणाला कळतंय?"

कोंडू भडकला. "खोटं चाक मी केलं नाय, करनार पन नाय! जा तू घरी."

आठ दिवसांनी त्यानंच बोलावलं. अंगणात सागाच्या पट्ट्यांचं वळण मांडलं होतं. त्यानं इंजिन ढकललं आणि ते अठराही चाकं टेकवून डुलत वळलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, सांगायला कसली लाज! पहिल्या आणि शेवटच्या मोठ्या जोडीला त्यानं आडवं सरकायला जागा ठेवली होती, सुताराच्या मापात जवभर, म्हणजे दाण्याएवढी.

"घाटात गाडीचं चाक आसावर गच्च बसवलं तं मोडतं," तो म्हणाला. "आमी सैलच ठेवतो."

घरी मुलीला, नम्रताला, हे सांगितलं. तिनं पुस्तक उघडून फोटोखालचा बारीक मजकूर वाचला. तिथल्या इंजिनीअरांनीही पहिल्या आणि सहाव्या जोडीला तशीच सरकायला जागा दिली होती. वीस वर्षं मी नुसता फोटो बघत होतो.

दुसऱ्या दिवशी पुस्तक घेऊन गेलो आणि कोंडूपुढे सगळं कबूल केलं. तो हसला नाही. रंधा थांबवून त्यानं विचारलं, "किती जागा सोडली त्यांनी?"

"ते लिहिलेलं नाही."

"मंग तू लिव की."

मी खिशातली पेन्सिल काढली आणि त्या इंग्रजी पानाच्या कडेला लिहिलं: जवभर. कोंडू सुतार, डोळखांब.