भिकनबुवाचा अंगठा

भिकनबुवाच्या मुठीत माउसचा लाल दिवा लागला आणि अख्ख्या छावणीनं हात जोडले. वायर लावूनही कालपासून चार्ज न होणारा माउस बुवाच्या हातात जिवंत झाला होता. वायर तीच, लॅपटॉपही तोच. बदलला होता फक्त हात.

गंगापूर रस्त्याला शहरवाल्यांसाठी पाडलेले प्लॉट विकले गेले नव्हते. त्या दुष्काळात तिथंच आमची चारा छावणी होती. जनावरांची हजेरी लॅपटॉपवर चढल्याशिवाय चारा सुटत नसे, आणि टचपॅड आधीच गेलेला, आता माउसही बंद, म्हणून सकाळपासून दावणी रिकाम्या होत्या. मी तिथली जनावरांची डॉक्टर. हंबरणं ऐकून माझं डोकं आधीच उठलं होतं, त्यात हा देवऋषी.

"यंत्राला जीव असतोय," बुवा म्हणाला. "त्याला विटाळ चालत नाय. बाईनं त्या दिसांत हात लावला, खंडोबाचा करंट तुटला."

करंट म्हणे. या माणसानं देवालाही वायरमन करून ठेवलं होतं.

मग त्यानं माउस तनुजाच्या हातात दिला. दिवा विझला. गर्दी कुजबुजली.

तनुजा मेंढपाळाच्या घरातली, हजेरी तीच घ्यायची. छावणी चालवणारा सांडू तिला म्हणाला, "समद्यांसमोर कबूल कर न् उद्यापासून घरी बस. जनावरं उपाशी हायती."

"शहरात औरंगपुऱ्याच्या बाजारातून दुसरा माउस आणा की," मी म्हणाले.

"शंभर आणा मॅडम," बुवा म्हणाला. "ह्या पोरीच्या हातात समदे मरतीन."

एकदा हो म्हटलं की तनुजाची खुर्ची गेली, आणि गावात मान वर करून चालणंही गेलं. ती हो म्हणेल अशीच मला भीती होती. पण ती बुवाच्या हाताकडेच बघत होती.

"बुवा, पुन्हा घ्या हातात," ती म्हणाली.

दिवा लागला.

"आता टेबलावर ठेवा."

"देव टेबलावर बसत नसतोय."

"मग नुस्ता अंगठा उचला."

दाबून धरल्यानं त्याच्या अंगठ्याचं नख पांढरं पडलं होतं. दोन गाई घेऊन आलेली सुगंधाबाई पुढं सरकली. "उचला की बुवा. काय होतंय त्यानं?"

त्यानं अंगठा उचलला आणि दिवा विझला.

"आत्या," तनुजा म्हणाली, "मोबाइलची वायर सैल झाली की आपण ती दाबून धरतो. तसंच हाय हे."

"व्हय गं. बुवाच्या मोबाइलची बी वायर चिकटपट्टीनं बांधल्याली हाय," सुगंधाबाई म्हणाली.

तनुजानं वायर काढली, माउस बंद केला आणि केरसुणीची काडी घेऊन चार्जिंगचं भोक हलक्या हातानं कोरलं. टेबलावर पिवळी पूड पडली. घट्ट बसलेली हळद होती ती. तनुजा म्हणाली,

"छावणी उघडली तवा बुवांनी लॅपटॉपवर न् माउसवर भंडारा उधळला. तवापासनं पिन पुरती बसत नव्हती. काल उतारा म्हणून आणखी टाकला, मग पार बंद."

तिनं पिन आत सारली, ती नीट बसली. माउस टेबलावर ठेवून ती मागं सरली. कुणाचाच हात नव्हता आणि दिवा लागलेला होता.

"म्हंजी विटाळ..." सांडू चाचरला.

तनुजानं आवाज खाली आणला नाही. "माउस बंद पडला तवा मला काही नव्हतं. आज हाय." आणि तिनं माउसवर हात ठेवला. दिवा तसाच राहिला.

बुवा चपला शोधू लागला.

बाबांनो, यंत्र बंद पडलं तर आधी त्याची पिन बघा. बाईचे दिवस मोजू नका. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर त्याला एवढंच सांगा की जरा हात बाजूला घ्या.

"आत्या, जनावरं किती?" तनुजानं विचारलं. सुगंधाबाईनं पुढं होऊन तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मग सांगितलं, "दोन गाई, लिही."