दाजींची किडनी

ताईच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हा दाजींनी जराही आढेवेढे न घेता स्वतःची एक देऊ केली. रक्तगट जुळत होता. त्यांनी सिगारेट सोडली, आठ किलो वजन उतरवलं. शेवटची तपासणी मी नोकरी करते त्याच प्रयोगशाळेत आली.

ताईच्या रक्तातला द्रव दाजींच्या पांढऱ्या पेशींत मिसळून मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. जिवंत पेशी चकाकतात, मेलेल्यांत रंग शिरून त्या काळ्या पडतात. दहातल्या नऊ काळ्या होत्या. हात चुकला असेल म्हणून चाचणी पुन्हा केली, मग सोबतच्या बाईंकडून करून घेतली. तेच.

प्रत्येकाच्या पेशींवर प्रथिनांच्या खुणा असतात. ताईच्या रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडीज, दाजींच्या खुणांवर नेमकी बसत होती, घट्ट धरून पेशी मारत होती. आधी कधीतरी गाठ पडल्याशिवाय शरीर परक्या खुणांसाठी इतकं टपून बसत नाही. ताईला कधी रक्त चढवलं नव्हतं. मूलबाळही नव्हतं.

डायलिसिसच्या खुर्चीशेजारी बसून मी तिला हळूच विचारलं. ती म्हणाली, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, पाचव्या महिन्यात गेलं. दाजी तेव्हा जहाजावर होते. परतल्यावर गोड बातमी द्यायची म्हणून कळवलं नव्हतं. नंतर सांगण्यासारखं काही उरलं नाही. मी तेव्हा शाळेत होते. आईने मला पत्ताही लागू दिला नव्हता.

बाळात निम्म्या खुणा बापाच्या असतात, मी म्हटलं. त्याच्या काही पेशी आईच्या रक्तात उतरतात आणि शरीर त्या लक्षात ठेवतं.

"एकवीस वर्षं?"

"हो."

"मी तर त्याचा चेहराही पाहिला नाही." तिने माझं मनगट धरलं. "यांना सांगू नकोस. बाळावर खापर नको."

दाजींना मी एवढंच सांगितलं की जुळलं नाही. आपल्या किडनीत काय खोट आहे, असं त्यांनी विचारलं. काही नाही म्हटलं, ते त्यांना पटलं नाही.

प्रतीक्षायादीतून दोनदा बोलावणं आलं. दोन्ही वेळा दात्यांच्या पेशींवर दाजींसारख्याच काही खुणा निघाल्या, त्याही काळ्या पडल्या. चौदा महिन्यांनी ताई गेली.

दाजी अजून अधूनमधून येतात. परवा चहा घेता घेता म्हणाले, "माझंच शरीर तिच्या कामी आलं नाही."

मी पाठ फिरवून कप विसळत राहिले.