लॉर्नाची खात्री

शुक्रवारी दुपारी दोन वाजता ज्युरीतल्या बारा जणांपैकी अकरा जण एका बाजूला होते आणि अडून बसलेली बारावी मी; निकालाला बाराही जणांचं एकमत लागतं. खोलीत कॉफीचा, ओल्या बुटांचा आणि कुणीतरी उघडून ठेवलेल्या कांद्याच्या चिप्सचा वास होता. मला त्या वासाची तेव्हाच शिसारी आली होती. माणसांची यायला अजून थोडा वेळ होता.

ज्याचं काय करायचं ते आम्ही ठरवत होतो, त्याचं नाव टूआ व्हू. वय चोवीस, चीजच्या कारखान्यात कामाला. फेब्रुवारीत त्यानं हायवेवरच्या पेट्रोल पंपाच्या दुकानात चाकू दाखवून गल्ला लुटला आणि गल्ल्यावरच्या बाईच्या हातावर वार केला, असा आरोप होता. दोषी ठरला तर दहा-पंधरा वर्षं तरी आत जाणार होता.

पुरावा म्हणजे ती बाई, लॉर्ना डिब्डाल. बाकी शून्य. बोटांचे ठसे नाहीत, चाकू सापडलेला नाही, दुकानातला कॅमेरा महिनाभर बंद. लॉर्ना साक्षीच्या खुर्चीत बसली, हातावरची जखमेची खूण दाखवली, रडली आणि टूआकडे बोट करून म्हणाली, "तोच. शंभर टक्के तोच." ज्युरीतल्या पहिल्या रांगेत कडेला बसलेल्या ग्रेटा लिंडनं तेव्हा मान डोलावली. ती सगळी साक्षभर डोलावत होती. बालवाडीची निवृत्त शिक्षिका ती, पोरानं कविता नीट म्हटली की डोलावावी तशी.

आता हे 'शंभर टक्के' कुठून आलं ते बघा. लुटीच्या संध्याकाळी लॉर्नानं पोलिसांना सांगितलं होतं, "हमोंग वाटला. डोक्यावर कानटोपी होती." बस्स. हमोंग म्हणजे लाओसच्या डोंगरांतून अमेरिकेत येऊन वसलेले लोक, आमच्या भागात हजारोंनी आहेत. मात्र चाकूचं वर्णन असं केलं होतं, की समोर ठेवून चित्र काढावं. मूठ काळी, तिला पिवळी चिकटपट्टी गुंडाळलेली, पट्टीचं एक टोक सुटलेलं. चाळीस सेकंद बाई चाकूकडे बघत होती, आणि कुणीही तेच केलं असतं. अकरा दिवसांनी पोलिसांनी तिच्यापुढे सहा फोटो ठेवले. तेव्हा ती म्हणाली, "चौथा असेल कदाचित." त्यावर तो पोलीस म्हणाला, "छान. आमचाही संशय त्याच्यावरच होता." हे त्यानं स्वतःच कोर्टात कबूल केलं, तेही हसून. त्या दिवसापासून 'कदाचित' गेलं. नऊ महिन्यांत तिची खात्री आंबवलेल्या पिठासारखी फुगत गेली आणि आमच्यापुढे आली तेव्हा भांड्यात मावत नव्हती.

बाई खोटं बोलत नव्हती, हे मी शपथेवर सांगीन. ती खोटारडी असती तर मला एवढा राग आला नसता.

"अगं आर्लीस," वेंडेल क्रूगर मला म्हणाला. तो आमच्या ज्युरीचा प्रमुख, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान चालवणारा. "तेव्हा बिचारी घाबरली होती. आता शांत झाली, म्हणून नीट आठवलं."

"नऊ महिन्यांनी जास्त नीट आठवतं? मग वेंडेल, गेल्या फेब्रुवारीत तुझ्या दुकानात आलेल्या एका तरी अनोळखी गिऱ्हाइकाचा चेहरा सांग बघू."

"त्यानं माझ्यावर चाकू धरला नव्हता."

सगळे हसले. त्या खोलीत हशा मिळाला की मुद्दा जिंकल्यासारखं होतं.

"आणि ते मयताचं काय?" मी विचारलं.

टूआच्या चुलत्याचं मयत होतं त्या दिवशी. हमोंग लोकांचं मयत तीन दिवस, तीन रात्री चालतं. ढोल वाजतो, स्वयंपाकाच्या चुली विझत नाहीत आणि घरातल्या तरुण मुलांना तिथून हलता येत नाही. पाच जणांनी साक्ष दिली, की टूआ दुपारपासून मागच्या बाजूला डुक्कर कापत होता आणि भाताची पातेली उचलत होता. त्याची आई दुभाष्यामार्फत बोलली. तिचं लांबलचक, हात वर नेऊन सांगितलेलं बोलणं दुभाष्यानं पाच शब्दांत संपवलं, "हो, तो तिथेच होता." आमच्या कानांवर पडलं ते तेवढंच.

"सगळे घरचेच," ग्रेटा म्हणाली. "आपल्या पोरासाठी कोण खोटं बोलणार नाही, बाई?"

"आणि दोनशे माणसं होती म्हणे तिथे," वेंडेल म्हणाला. "दोनशे जणांत कोण कुठे होता, ते कुणाच्या लक्षात राहतं?"

"म्हणजे जन्मापासून ओळखणाऱ्या पाच जणांना तो दिसला, हे खोटं. आणि कधीच न पाहिलेल्या एकीला चाळीस सेकंदांत दिसला, ते खरं?"

"आता तू वकील झालीस की काय?" कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं. "हरणं कापणं सोडलंस वाटतं?"

पुन्हा हशा.

खरी गोष्ट कुणीच बोलत नव्हतं. दुसऱ्या दिवशी शनिवार होता, बंदुकीनं हरणं मारायच्या मोसमाचा पहिला दिवस. आमच्या भागात त्या दिवशी मुडदाही अंथरुणात राहत नाही. वेंडेलची गाडी खाली भरून उभी होती, रात्रीतच उत्तरेला निघायचा बेत होता. आणखी चौघांचं तेच. तीन वाजता जज्जसाहेबांचा निरोप आला, की पाचपर्यंत निकाल झाला नाही तर उद्या सकाळी आठला पुन्हा हजर व्हायचं.

खोलीचा रंगच बदलला. आतापर्यंत मी नुसती हट्टी होते, आता वैरीण झाले. एकानं खुर्ची फिरवून माझ्याकडे पाठ केली. वेंडेल टेबलावर बोटं वाजवत बसला. एका माणसाची पंधरा वर्षं एका पारड्यात आणि दुसऱ्यात एक शिंगांचं हरीण, आणि पारडं हरणाकडे झुकलेलं.

पण थांबा. नावं ठेवण्यात मी पटाईत आहे, आता माझंही ऐका. माझं दुकान हरणं कापून द्यायचं आहे. लोक मारून आणतात, मी सोलते, तुकडे करते, सॉसेज भरून देते. मोसमाच्या नऊ दिवसांवर माझं अर्धं वर्ष निघतं. शनिवारी दुपारपासून दारात रांग लागते आणि मी जागेवर नसले तर रांग पलीकडच्या गावातल्या कसायाकडे जाते. साडेतीनला मी घड्याळाकडे पाहिलं. वेंडेलनं मला बघताना पाहिलं. त्याला बाकी काही कळत नसेल, दुकानदारी कळते.

"हे बघ," तो हळूच म्हणाला, आवाजात अगदी मध घालून. "तुझ्या मनात शंका आहे, असू दे. पण तू म्हणतेस तसं 'असेलही, नसेलही'. त्या बाईच्या मनात शंकाच नाही. मग कुणाचं ऐकायचं?"

यात काडीचा अर्थ नव्हता, हे मला त्याच क्षणी कळलं. कळूनही मी त्यातली फट शोधली आणि आत शिरले. शेवटी ती तिथे होती, मी नव्हते. अकरा जण काय मूर्ख आहेत? वरच्या कोर्टात चूक निघेल. अशी एकेक चिंधी गोळा करून मी माझी लाज झाकली. पावणेचारला मी म्हणाले, "बरं." ग्रेटानं माझा हात दाबला. कुणीतरी लगेच कोट चढवला.

कोर्टात वेंडेलनं निकाल वाचला. दोषी. मग टूआच्या वकिलानं प्रत्येकाला वेगळं विचारायची मागणी केली. ती पद्धतच आहे. जज्जसाहेब एकेकाचा नंबर घेतात, "हा तुमचा निकाल आहे का?" आणि तुम्ही मोठ्यानं उत्तर देता. अकरा नंबर माझा. अकरावर येईपर्यंत दहा वेळा 'हो' ऐकलं. 'नाही' म्हणायला तेवढीच एक जागा उरली होती. टूआ प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होता, माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत होता, निदान मला तसं वाटलं. मी म्हणाले, "हो."

त्याची आई तेव्हा दुभाष्याकडे बघत होती. सगळं संपलं तरी तिला अजून काही माहीत नव्हतं. दुभाषी वाकला, तिच्या कानात बोलला. मग ती ओरडली. तोवर आमच्यातले दोघे दारापर्यंत पोचलेसुद्धा होते.

बाहेर गाड्यांपाशी लॉर्ना उभी होती. स्वच्छ ऊन होतं. वेंडेलशी तिनं हात मिळवला, मग ती तरातरा माझ्याकडे आली आणि मला मिठीच मारली.

"तुझे उपकार फिटणार नाहीत, बाई," ती रडत म्हणाली. "साक्ष देताना मी पार घाबरले होते. तू पहिल्या रांगेतून मान डोलावत होतीस ना, तुझ्याकडे बघून मला धीर आला."

"मी नव्हे," मी म्हणाले. "मी मागच्या रांगेत होते."

"चल, काहीतरीच!" ती डोळे पुसत हसली. "दोन तास तुझ्याकडेच बघत होते मी. कडेची खुर्ची. तूच ती."

ग्रेटा तीन पावलांवर गाडीची किल्ली शोधत होती. माझ्यापेक्षा वीतभर उंच, केस पांढरे आणि पोरासारखे कापलेले. माझी वेणी कमरेपर्यंत येते, अजून तपकिरी आहे.

"लॉर्ना, मी शपथेवर सांगते, मी एकदाही मान डोलावली नाही."

"इतकी कशाला लाजतेस?" तिनं माझा गाल थोपटला. "माणसं ओळखायला मी चुकत नाही."

तिचा हात उबदार होता. तो गालावरून ओरबाडून काढावासा वाटला. मी तशीच मागे फिरले आणि धावत पायऱ्या चढले. टूआचा वकील, पेरी साँडर्स नावाचा थकलेला माणूस, कॉरिडॉरमध्ये बाकावर बसून कागद आवरत होता. धापा टाकत मी त्याला सगळं सांगितलं. पहिली रांग, ग्रेटा, माझी वेणी. परत आत चला म्हणाले. मला माझं 'हो' परत घ्यायचंय म्हणाले.

त्यानं मध्ये तोंड घातलं नाही. माझं संपल्यावर म्हणाला, "परत घेता येत नाही, बाई. ज्युरीतल्याला मागाहून काय वाटलं, ते कायदा विचारत नाही. आणि त्या बाईला तुम्ही ओळखू आला नाहीत, म्हणून तिनं टूआला चुकीचं ओळखलं असं सिद्ध होत नाही. जज्ज हेच म्हणतील. अर्ज करीन मी, पण काही होणार नाही."

"पण आता मला खात्री पटलीय, की तिला ओळखता येत नाही!"

त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

"आणि दुपारी? तेव्हा तुम्हाला तिच्याबद्दल काय वाटत होतं?"

त्याला उत्तर नकोच होतं. तो कागद घेऊन टूआच्या आईकडे गेला. ती त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. इतका वेळ तिथेच होती, आणि मी तिला पाहिलंच नव्हतं.