कोऱ्या हाताचं सपन

माह्या डाव्या हातावर तुळस गोंदलेली हाय. लग्नाच्या आधी बाजारहत्नूरच्या बाजारात गोंदली, तवा मी इतकी बोंबलली की दोघीतिघींनी धरून ठेवलं मले. पण सपनात तो हात कोरा असते. एकदा सपनात आमच्या ह्याईच्या ताटात भाकर वाढून राह्यली होती, आन् पाह्यते तं तुळस नाई. तवाच समजलं, हे सपन हाय.

सपन हाय हे समजलं की माणसानं भ्यावं कोणाले? जागेपणी नवऱ्याचं नाव मी उखाण्यात घेतलं तेवढंच. सपनात मात्र सरळ उद्धव म्हणायची. बस म्हटलं की बसायचे, हास म्हटलं की हासायचे. भांडायची बी मी खूप.

नाई तं ते भेटतात कुठं? ते किनवटच्या तहसील कचेरीत कारकून. भाषेवरून राज्यं कापली, किनवट मुंबईकडं गेलं, आमचं गाव आंध्रात राह्यलं. किनवटासंगं हे बी तिकडचे झाले, आन् मंग बदली झाली थेट सोलापुराकडं. इकडं घर, कापूस आन् गुडघ्यानं अडलेली सासू माह्या गळ्यात. मले बी न्या, एवढंच म्हणायचं होतं मले. पण म्हातारीदेखत सुनेनं असं म्हणावं कसं?

सपनात म्हणायची. पण बापा, सकाळी अंग असं दुखायचं, जसा रातभर कापूस वेचला. हातात कासरा धरून निजल्यावानी होतं ते. बैल कुठं जात नाई, पण झोप बी लागत नाई. वेचणीत मी उभ्या उभ्या पेंगायची.

"झोपून उठली का लढाई करून उठली वं मथुरे?" सासूबाई, देवकाबाई, म्हणायच्या. "मनी वसे ते सपनी दिसे. मन आवर."

"आवरते," म्हणायची मी. कशाची आवरते. थकवा पुरवला, पण त्याईले पाह्यल्याशिवाय नाई करमत.

दिवाळीच्या तोंडावर दुपारी अंगण सारवून राह्यली होती. जरा भिंतीले टेकली, तं डोळाच लागला. उघडून पाह्यते तं फाटकात हे उभे, हातात पत्र्याची पेटी, गालफडं बसलेली. मी हात पाह्यला. कोपरापर्यंत शेणाचा लेप, तुळस कुठं दिसून राह्यली? आलं बाई सपन, म्हटलं.

"उद्धव," मी म्हटलं, "किती वाळला रे तू. यंदा एकटा जाऊ नको. मले घेऊन जा. तुह्याशिवाय इथं जीव नाई लागत माह्या."

सपनातले हे हासायचे. ह्याईनं तं पेटीच खाली ठेवली. आन् मागून काठी वाजली. पाह्यते तं दारात सासूबाई. माह्या सपनात सासूबाईले मी कधी येऊच देत नव्हती.

धावत रांजणाकडं गेली, हातावर पाणी घेतलं. शेण उतरलं, खाली हिरवीगार तुळस. मेली मी, म्हटलं.

ह्याईचे डोळे भरले होते. "खोली पाह्यतो तिथं," ते म्हणाले. "दोघीलेबी नेतो." नावावरून सासूबाई रागावल्या नाई. फक्त विचारलं, "कोणासंगं बोलून राह्यली वाटलं वं तुले?" मी समदं सांगून टाकलं, तुळशीसकट.

त्या रात्री सपन नाई, काई नाई. ऊन दारात आलं तवा जाग आली. कितीक दिवसांनी अंग हलकं वाटलं.

चुलीपाशी सासूबाई बसल्या होत्या, डोळे लाल. आपल्या हातावरचं पुसट गोंदण चोळून राह्यल्या होत्या.

"तुहे सासरे आले होते," त्या म्हणाल्या. त्याईले जाऊन मोप वर्षं झाली. "हात पाह्यला, कोरा होता. समजलं मले."

"मंग? नाव घेतलं?"

"तोंडच उघडेना वं. उभ्या जन्मात घेतलं नाई. ते वाट पाह्यत उभे राह्यले, आन् गेले."

मी त्याईजवळ बसली. म्हटलं, "माय, इथं म्हणून पाह्य. जिभेले सवय होईल."

म्हातारीनं डोक्यावर पदर ओढला, लेक उठला नाई ना पाह्यलं, आन् हळूच म्हणाली, "डोमाजी."

मंग अजून एकदा म्हणाली.